नालीत लिस्टेरिया सापडला, आता काय करू?

चक्केवाली | मंगळवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. मी आणि माझे धाकटे दीर मिळून सांगली जिल्ह्यात दुग्धपदार्थांचं छोटं युनिट चालवतो. रोज साधारण ६०० लिटर दूध येतं. निम्मं पनीरला जातं, उरलेल्याचा चक्का आणि श्रीखंड. पुण्याच्या एका मोठ्या खरेदीदाराशी बोलणी चालू आहेत. त्यांची अट अशी की नुसता माल तपासून भागणार नाही, कारखान्यातल्या जागांचे स्वॅब (बोळ्याने पुसून घेतलेले नमुने) घेऊन लिस्टेरिया या जंतूचा रिपोर्ट द्या.

दहा स्वॅब पाठवले. नऊ स्वच्छ आले. दहावा होता पनीर कापायच्या टेबलापासून सात-आठ फुटांवरच्या नालीच्या जाळीखालचा. त्यापुढे लिहून आलं, ‘लिस्टेरिया प्रजाती: आढळली’. त्या रात्री मला झोप नाही.

आमचे सल्लागार म्हणतात, "ताई, क्लोरीन मारून सगळं धुऊन काढा, वाळू द्या, आणि तीच जाळी पुसून परत पाठवा. निगेटिव्ह येईल. पहिला कागद फायलीला लावूच नका." सासूबाई म्हणतात, "नालीत जंतू नाही सापडणार तर काय देव्हाऱ्यात सापडणार?"

मला विचारायचंय ते एवढंच: कोल्ड रूममधला माल अडवून ठेवू का, पहिला कागद खरंच बाजूला ठेवायचा का, आणि हा प्राणी जातो कसा?

भोचकभाऊ | ९:५२

सासूबाईंना +१. त्यांचा आयडी काढून द्या इथे.

अगारआजी | ११:१५

चक्केवाली, आधी दोन घोट पाणी पी. मी सदतीस वर्षं प्रयोगशाळेत पेट्री डिशा बघण्यात घालवली, तेव्हा माझं ऐक.

रिपोर्टात ‘प्रजाती’ लिहिलंय. लिस्टेरियाच्या पुष्कळ प्रजाती आहेत. माणसाला मुख्यतः आजारी पाडते ती मोनोसायटोजेनिस. नालीत बऱ्याचदा तिची निरुपद्रवी बहीण इनोक्युआ सापडते. पण दोघींच्या आवडीनिवडी सारख्याच. एकीला जिथे ओल, गारवा आणि दुधाचा अंश मिळाला तिथे दुसरीलाही मिळेल. म्हणून प्रजाती कुठलीही असो, सापडली की मोनोसायटोजेनिसच सापडली असं धरून कामाला लागायचं. आणि लॅबला विचार, पुढची ओळख पटवून द्याल का म्हणून.

आता मालाचं. पनीरचं दूध तू ८५-९० अंशांपर्यंत नेतेस ना? तिथे लिस्टेरिया मरतेच, पाश्चरायझेशनचे ७२ अंश आणि १५ सेकंदही तिला पुरतात. म्हणजे ती नंतर येते. दाबताना, कापताना, पॅक करताना. आणि मुख्य म्हणजे ठोकळे ज्या गार पाण्यात बुडवून ठेवतेस त्या टाकीतून. तिचा स्वॅब आणि पाण्याचा नमुना घेतलास का? दहाच्या यादीत टाकी असेल असं मला वाटत नाही.

श्रीखंडाची मला कमी काळजी. आंबटपणा आणि साखर दोन्ही असल्यामुळे तिथे तिला वाढणं जड जातं (मरतेच असं मात्र नाही). पनीर म्हणजे तिचं माहेर. ओलसर, फारसं आंबट नाही आणि वर फ्रीजमध्ये. बाकीचे बरेच जंतू फ्रीजमध्ये गारठून बसतात, ही बाई ४ अंशालाही हळूहळू संसार वाढवते.

तेव्हा आज कापायचं टेबल, सुरी, साचे, टाकी आणि पॅकिंगची पट्टी, म्हणजे पनीरला थेट लागणाऱ्या सगळ्या जागांचे स्वॅब घे. त्यांचा निकाल येईपर्यंत पनीर अडवून ठेव. बाकी संध्याकाळी लिहिते, नातवाला शाळेतून आणायचंय.

शंकासुर | १२:०३

माझी आजी चक्का खुंटीला टांगायची. खाली परात, वर माश्या. घरात अकरा माणसं, कुणी मेलं नाही. ही स्वॅबबिब थेरं म्हणजे मोठ्या कंपन्यांनी छोट्यांना बाजारातून हाकलायला काढलेली युक्ती आहे. सहाशे लिटरवालीने रिपोर्टांवर पैसे घालवायचे आणि तिकडे रस्त्यावर उघड्यावर पनीर विकणाऱ्याला कुणी विचारत नाही.

क्यूएतला_पोरगा | १२:३०

@शंकासुर, दुसऱ्या मुद्द्याला अनुमोदन. पहिल्याला नाही.

@चक्केवालीताई, मी एका प्रक्रिया उद्योगात क्वालिटीत आहे, नाव विचारू नका. स्वॅब कधी घेतले हे तुम्ही लिहिलं नाहीये. सकाळी साफसफाई झाल्यावर घेतले असतील तर नऊ निगेटिव्हना फारसा अर्थ नाही. काम सुरू होऊन तीन-चार तास होऊ द्या. ट्रॉल्या फिरल्या, यंत्रं थरथरली, पाणी सांडलं की सांदीकोपऱ्यात लपलेलं बाहेर येतं. तेव्हा पुसा.

आणि पुसायचं म्हणजे स्टीलच्या चकचकीत मधोमध नव्हे. आमच्याकडे आधी एक मुलगा होता. साहेब खूश राहावेत म्हणून तो रोज आरशासारख्या भागावरच स्वॅब फिरवायचा. वर्षभर शून्य-शून्य-शून्य. मग एक बाहेरचा ऑडिटर आला, त्याने बोल्टच्या खाली, रबरी गॅस्केटच्या घडीत आणि कन्व्हेयरच्या पोकळ रोलरच्या टोकाला पुसलं. तिन्ही पॉझिटिव्ह.

आणखी एक, स्वॅब ज्या द्रवात भिजवता तो जंतुनाशकाला निष्प्रभ करणारा हवा, उदा. डे-एंगली. साध्या सलाइनमध्ये घेतला तर स्वॅबवर राहिलेलं क्लोरीन वाटेतच जंतू मारतं आणि लॅब ‘नाही’ लिहून मोकळी. तुमच्या सल्लागारांना नेमकं हेच हवंय असं दिसतं.

भोचकभाऊ | १२:४१

लिस्टेरिया आणि लिस्टरिनचं काही नातं? की नुसत्या गुळण्या केल्या तरी चालेल?

अगारआजी | १२:४४

नातं आहे की! दोन्ही नावं जोसेफ लिस्टरवरूनच पडली, शस्त्रक्रियेत जंतुनाशक आणणारा तो. बिचाऱ्याच्या नावावर एक जंतू आणि एक जंतुनाशक. आपल्याकडे एकाच वाड्यात पोलीस आणि चोर भाडेकरू असावेत तसं.

(नातवाची व्हॅन उशिरा आहे.)

कालवण_कट्टा | दुपारी २:१०

मी रत्नागिरीकडचा, पूर्वी कोळंबी निर्यातीच्या प्लांटात सुपरवायझर. १९९७ साली युरोपने भारतातून येणारी मासळी बंद केली होती, कारण स्वच्छता आणि जंतू. तेव्हा आमच्या धंद्याची पाचावर धारण बसली. त्याआधी ‘हॅसप’ हा शब्द आम्ही नुसता ऐकून होतो. नासाच्या अंतराळवीरांच्या खाण्यासाठी अमेरिकेत सुरू झालेली ती पद्धत, माल शेवटी तपासण्यापेक्षा धोका शिरतो ती जागा आधीच पकडायची. बंदी आल्यावर तीच आमची पोथी झाली. वेगळे दरवाजे, वेगळे गमबूट, फरशा उखडून नव्या.

ताई, तुम्ही नाली कशी धुता? प्रेशरच्या पाइपाने ना? आम्हीही तेच करायचो. जाळीत पाण्याचा फवारा मारला की नालीतलं सगळं बारीक तुषार होऊन हवेत उडतं आणि आसपासच्या टेबलांवर बसतं. जंतूंना स्वतःच लिफ्ट देतो आपण. काम चालू असताना नालीत पाइप मारायचा नाही. नालीचा ब्रश वेगळ्या रंगाचा, तो कुठेही दुसरीकडे फिरता कामा नये, आणि ज्याने नाली घासली त्याने गमबूट-हातमोजे बदलल्याशिवाय पनीरकडे फिरकायचं नाही.

आणि तो वायपर! स्पंजचं रबर असलेला, बारमाही ओला, कोपऱ्यात उभा. आमच्या प्लांटात सगळ्यात घाण वस्तू तो होता. साफसफाईचंच हत्यार.

टोरांटोतला_तात्या | ४:२५ (आमची पहाट)

‘पहिला कागद फायलीला लावू नका’ वाचून राहवलं नाही, चहा न घेता लिहितोय.

२००८ मध्ये इकडे मेपल लीफ या मोठ्या कंपनीच्या टोरांटोतल्या कारखान्यातून निघालेल्या कापीव मांसात लिस्टेरिया होती. २० पेक्षा जास्त माणसं गेली, बरीचशी वृद्धाश्रमातली आणि इस्पितळातली. जंतू दडला होता मांसाचे काप करणाऱ्या यंत्रांच्या आत खोलवर. यंत्र सांगितल्याप्रमाणे धुतलं जात होतं, पण आत हात पोचतच नव्हता. नंतर सरकारी चौकशी झाली. त्यात आलं की कारखान्यातल्या जागांच्या तपासण्यांत लिस्टेरिया आधीपासून अधूनमधून सापडत होती. दर वेळी तेवढ्यापुरतं धुतलं, पुढची तपासणी निगेटिव्ह आली, विषय संपला. ते सुटे सुटे पॉझिटिव्ह एकत्र मांडून कुणी पाहिलेच नाहीत.

ताई, तो कागद फायलीला लावाच, आणि भिंतीवर युनिटचा नकाशा चिकटवून त्यावर लाल टिकली मारा. दुसरी टिकली कुठे पडते त्यावर बरंच कळेल.

शंकासुर | ४:५०

पुन्हा परदेशी कारखाना. मी आजीचं विचारलं होतं.

अगारआजी | ६:३०

शंकासुरा, तुझ्या आजीचं श्रीखंड त्याच दुपारी पुरीबरोबर संपत होतं. लिस्टेरियाला वेळ लागतो आणि तो वेळ तिला मिळतो कोल्ड रूममध्ये. व्हॅक्यूम पाकिटात पनीर पंधरा दिवस ठेवायचं ठरवलंस की तू तिला पंधरा दिवसांचं भाडेपत्र लिहून दिलंस.

आणि ‘कुणी मेलं नाही’ हे तुला कळलं कसं? खाल्ल्यापासून आजार दिसेपर्यंत ७० दिवससुद्धा जाऊ शकतात. गरोदर बाईला नुसता फ्लूसारखा ताप येतो आणि मूल जाऊ शकतं. दोन महिन्यांपूर्वीच्या पनीरकडे बोट कोण दाखवणार? दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये पोलोनी नावाच्या मांसाच्या तयार पदार्थातून साथ आली. हजारावर रुग्ण, दोनशेवर मृत्यू. रुग्णांतला आणि कारखान्यातला जंतू एकच आहे हे जनुकं वाचून जुळवलं तेव्हा मूळ सापडलं. तोवर कित्येक महिने लोक तेच खात होते.

छोट्यांवर खर्चाचा भार पडतो हे मला मान्य आहे. म्हणूनच सांगते, पैसे घालायचे तर लॅबच्या आधी फरशी कोरडी ठेवण्यावर घाला.

शंकासुर | ६:४२

भाडेपत्र आवडलं. बाकी विचार करतो.

हॅमिल्टनवासी | बुधवार, सकाळी ७:०५

न्यूझीलंडहून. इकडची एक उलटी गोष्ट सांगतो. ऑगस्ट २०१३ मध्ये फॉन्टेरा या इकडच्या मोठ्या दूध कंपनीने जाहीर केलं की त्यांच्या व्हे प्रोटीनच्या काही मालात बोट्युलिझमचा (जीवघेण्या विषबाधेचा) जंतू असावा. बाळांच्या दुधाच्या भुकटीपर्यंत तो माल गेला होता. जगभर माल परत मागवला, काही देशांनी आयात थांबवली. महिनाअखेरीस सरकारी तपासण्यांतून निघालं की तो बोट्युलिनम नव्हताच, क्लॉस्ट्रिडियम स्पोरोजेनिस होता, ते विष तयार न करणारा. मूळ काय, तर हौटापूच्या कारखान्यातला एक नीट साफ न झालेला पाइप.

म्हणून ‘प्रजाती’वर थांबू नका, पुढची ओळख पटवून घ्या. आणि पाइप तपासा.

क्यूएतला_पोरगा | ९:२०

एटीपी मीटरबद्दल व्यनि (खाजगी निरोप) आलेत, इथेच लिहितो. काजव्यात जो चमकणारा मामला असतो तोच वापरून हे यंत्र जागेवरचा सेंद्रिय अंश मोजतं. पंधरा-वीस सेकंदांत आकडा. पण ते कुठला जंतू हे सांगत नाही, जंतूच आहे असंही सांगत नाही. दह्याचा डाग राहिला तरी आकडा वर जातो. साफसफाई झाली की नाही हे बघायला झकास, लिस्टेरिया शोधायला निरुपयोगी. आमचा एक डायरेक्टर मीटरचा हिरवा दिवा बघून म्हणाला होता, "म्हणजे लिस्टेरिया नाही!" लिस्टेरियाला लॅबमध्ये आधी फ्रेझरच्या रश्श्यात वाढवावं लागतं, मग प्लेटवर. पूर्ण निकालाला आठवडा धरा.

चक्केवाली | बुधवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. अगारआजी, तुम्ही म्हणालात तसं झालं, टाकीचा स्वॅब आम्ही घेतलाच नव्हता. आज काम चालू असताना चौदा स्वॅब घेतले, थेट लागणाऱ्या सगळ्या जागा आणि नालीच्या चारी बाजूंनी बाहेर जात. पनीर अडवलंय. खरेदीदाराला फोन करून पहिला रिपोर्ट पाठवला. पलीकडे बराच वेळ शांतता, मग बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. तुमचा आराखडा पाठवा." आता आराखडा म्हणजे काय हे शिकते.

कालवण_कट्टा, वायपर तुम्ही म्हणता तोच, स्पंजवाला. फेकला.

वेल्डिंगवाला_विलास | ११:०२

टेबलाचे पाय पोकळ पाइपचे आहेत का? खालून टोप्या लावल्यात की वेल्ड करून बंद केलेत? टोपी असेल तर काढून उलटं करा आणि आतून काय पडतं ते बघा. जेवण झाल्यावर बघा मात्र.

दुसरं, फरशीचा उतार. दूधवाल्यांच्या दहांतल्या सात ठिकाणी पाणी नालीकडे जायच्या ऐवजी कोपऱ्यात साचतं. मी कंत्राट घेतो तेव्हा आधी बादलीभर पाणी ओतून पाणी कुठे पळतं ते बघतो.

कालवण_कट्टा | ११:२०

विलासभाऊ, बादलीची परीक्षा लाख बोललात.

चक्केवाली | पुढच्या आठवड्यातला गुरुवार, दुपारी १:३०

निकाल आले. थेट लागणाऱ्या जागा आणि टाकी, सगळं निगेटिव्ह. अडवलेल्या पनीरचे नमुनेही पाठवले होते, तेही निगेटिव्ह. नालीतली इनोक्युआ निघाली. जीव भांड्यात पडला. पण कोल्ड रूमच्या दारासमोरची फरशी आणि ट्रॉलीचं एक चाक पॉझिटिव्ह.

टेबलाचे पाय उलटे केले विलासभाऊ. एकातून काळं पाणी. दिराने दोन दिवस पनीर खाल्लं नाही.

टोरांटोतला_तात्या | ६:५५

टिकल्या जोडा! नाली, फरशी, चाक. ट्रॉली कुठून कुठे जाते?

अगारआजी | ७:१०

चाकाने घाण नालीकडे नेली का नालीतून चाकाला लागली, ते सांगता येणार नाही. कोल्ड रूमच्या दारापाशी ओल कुठून येते ते शोध. बाष्प, कूलरच्या ट्रेचा पाइप, दाराचं रबर. आणि धुण्याचा क्रम चुकवू नका. आधी सुका कचरा गोळा करायचा, मग कोमट पाण्याने खंगाळायचं. कढत पाणी नको, दुधातलं प्रथिन शिजून चिकटतं. मग डिटर्जंटचा फेस, हाताने घासणं, धुणं, डोळ्याने बघणं, आणि सगळ्यात शेवटी जंतुनाशक. दुधाच्या थरावर क्लोरीन ओतलं तर ते दुधाशीच भांडून संपतं, खालचे जंतू आरामात असतात. हे थर म्हणजे त्यांचं पांघरूण.

क्यूएतला_पोरगा | ७:२८

एक धोक्याची सूचना. खर (भांड्यांवर बसलेला चिवट थर) काढायला नायट्रिक ॲसिड वापरत असाल तर त्याच्या जवळपास हायपो (क्लोरीनचं जंतुनाशक) नको. एका ठिकाणी पोराने ‘दोन्ही मिळून जास्त साफ होईल’ म्हणून एकाच बादलीत ओतलं. क्लोरीन वायू सुटला. दोघं इस्पितळात. डबे वेगळ्या कपाटात ठेवा.

भोचकभाऊ | ७:३५

अवांतर: आमच्या सोसायटीतल्या मावशी संडास असाच साफ करतात. आज जाऊन सांगतो.

क्यूएतला_पोरगा | ७:३६

अवांतर नाहीये ते. खरंच सांगा.

चक्केवाली | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११:००

धागा वर काढते, कारण सापडलं.

कोल्ड रूमच्या दाराच्या उंबरठ्यावर ॲल्युमिनियमची पट्टी आहे, ट्रॉली आदळू नये म्हणून बसवलेली. दिसायला घट्ट. विलासभाऊंची बादली ओतली तर पाणी तिच्याखाली गायब झालं. मग रिकामी ट्रॉली वरून ढकलली, काही नाही. भरलेली ढकलली तर पट्टी दबली आणि कडेने पांढरट पाणी पिचकारीसारखं बाहेर आलं. सहा वर्षं आम्ही रोज पंचवीस-तीस वेळा हे करत होतो! पट्टी उखडली. खाली सिमेंट फुटलेलं, त्यात कूलरच्या ट्रेच्या पाइपातून झिरपलेलं पाणी आणि निवळी. वासाबद्दल लिहीत नाही. तिथला स्वॅब आला, मोनोसायटोजेनिस. इनोक्युआ नव्हे.

दोन दिवस काम बंद ठेवलं. तिथलं सिमेंट फोडून इपॉक्सी भरलं, पट्टी परत बसवलीच नाही, कूलरचा पाइप थेट नालीपर्यंत बंदिस्त नेला, ट्रॉलीची चाकं बदलली. टेबलांचे पाय वेल्ड करून बंद केले. सगळ्यात कठीण गेलं ते बायकांना ‘भसाभस पाणी मारू नका’ हे पटवणं. आपल्याकडे स्वच्छ म्हणजे ओलं. एक मावशी म्हणाल्या, "कोरडं ठेवलं तर मालक म्हणेल काम केलं नाही."

तेव्हापासून दर आठवड्याला स्वॅब. पहिले दोन निगेटिव्ह, तिसऱ्याची वाट बघतेय. खरेदीदाराने अजून हो म्हटलेलं नाही, तीन महिन्यांचे निकाल बघू म्हणालेत. सल्लागार बदलले.

अगारआजी | ११:४०

शाब्बास गं. दोन निगेटिव्हवर भुलू नकोस, पावसाळा येऊ दे. त्या उंबरठ्याचा स्वॅब यादीतून कधीच काढू नकोस.

शंकासुर | १२:१५

उंबरठ्याचं वाचून आमच्या घरच्या फ्रीजच्या दाराचं रबर उघडून बघितलं. बायको विचारतेय आज काय झालंय मला.

वेल्डिंगवाला_विलास | १२:३०

इपॉक्सी किती दिवस वाळू दिलं? घाई केली असेल तर चाकाखाली पापुद्रा निघेल. महिन्याने बोटाने खरवडून बघा.

चक्केवाली | १२:५०

ठेकेदार म्हणाला तेवढं, दोन दिवस. बघते महिन्याने. आणि कालवण_कट्टा, एक राहिलं. दाराशी गमबूट बुडवायचं पाण्याचं कुंड ठेवायचं की नाही? खरेदीदाराच्या यादीत आहे, पण इतकी खटपट करून परत दारात पाणीच ठेवायचं हे मनाला पटेना.

कालवण_कट्टा | १:२०

आमच्याकडे ओलाच धंदा, तिथे कुंड चालायचं, तेही दर दोन-तीन तासांनी बदलून आणि क्लोरीनची पट्टी बुडवून बघून. न बदललेलं कुंड म्हणजे दारात ठेवलेली दुसरी नाली. तुम्ही कोरडं ठेवणार असाल तर जंतुनाशकाची कोरडी पावडर मिळते, ती दारात पसरा, किंवा आतले गमबूट आतच ठेवा आणि दाराशी बाक टाका. बाकाच्या अलीकडे चप्पल, पलीकडे गमबूट. खरेदीदाराच्या बाईंना फोन करून तसं विचारा, ऐकतील. निदान तुमचं तरी ऐकतील आता.